वरचा थर

“खुर्ची फिरती घेतली बरं का तुझ्यासाठी. दिवसभर बसलीस तरी पाठ दुखायची नाही,” माधवी म्हणाली आणि तिनं ती काळी खुर्ची एका बोटानं गर्रकन फिरवून दाखवली.

रागिणीनं खुर्चीकडे पाहिलं, काउंटरवरच्या नव्याकोऱ्या रजिस्टरकडे पाहिलं आणि “छान आहे, ताई,” एवढंच म्हणाली. दुसरं काय म्हणणार? बी.एस्सी. बी.एड. झालेल्या बाईला शिकवायला फळा नाही, पण बसायला खुर्ची मिळाली होती. जाऊबाईंनी ती निवडून आणली होती हे मात्र खरं.

निर्णय जानेवारीतच होऊन गेला होता, अमरावतीला, किशोरच्या घरी, ताटं वाढलेली असताना. किशोर रागिणीचा मोठा दीर. बारा वर्षांचा क्लास त्याचा, आणि अमरावतीत नाव काढणारा. अ, ब, क अशा तीन तुकड्या. अ मध्ये नव्वद टक्क्यांच्या वरची पोरं, त्यांचे फोटो रस्त्यावरच्या बोर्डावर. क मध्ये उरलेली. दोन वर्षांपूर्वी क रागिणीच्या गळ्यात पडली, कारण ती घ्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. आणि आता ताटावर बसल्या बसल्या किशोरनं सांगून टाकलं होतं की पाडव्यापासून क बंद, अकोल्याला नवी शाखा सुरू आणि रागिणी तिथं काउंटरला.

“अकोटहून एसटीनं तासाभराचा रस्ता. आठवडा आठवडा आमच्याकडे राहते बिचारी, आता रोज आपल्या घरी जाईल,” असंही तो म्हणाला होता. उपकाराचं पुडकं बांधून दिलं की नाही म्हणायची सोयच राहत नाही. सासरे वामनराव “बेस झालं” म्हणाले. माधवी मालकीणबाईच, तिनं मान डोलावली. आणि जीवन, रागिणीचा नवरा, अकोटला वांगी-टमाटे पिकवून अकोल्याच्या बाजारात आणणारा भला माणूस, त्यानं वरणात भात कालवायला घेतला आणि कालवतच राहिला. बायको रोज घरी येणार हे ऐकून त्याला मनातून बरं वाटलं होतं. रागिणीला ते दिसलं होतं आणि तेव्हापासून तीन महिने ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

क बंद करायचं कारण काय, तर गोंधळ. रागिणीच्या वर्गातून आवाज येत, शेजारी अ तुकडीला ऐकू येत नसे. आता तिच्या वर्गात आवाज होणारच! ती आधी गणित सोडवूच द्यायची नाही. पहिल्यांदा प्रत्येकानं अंदाज सांगायचा, बाजारात लिलावाची हर्रास लागते तसा मोठ्यानं, आणि तो नावासकट फळ्यावर लिहायचा. मागच्या बाकावरच्यानंही. मग पेन उघडायचं. स्वतः बोललेला आकडा खरा ठरतो की खोटा, हे बघायला पोरं असली हिरिरीनं हिशोबाला लागत की तास संपल्याची घंटा कोणाला ऐकू जात नसे. सहामाहीत तेवीसपैकी चार पास होते, तिसऱ्या चाचणीत पंधरा झाले. किशोर म्हणाला, पंधराचा फोटो लावता येत नाही.

तर असा हा पाडवा. अकोल्यातल्या एका कृषी केंद्राच्या वरचा मजला, बाहेर गुढी, आत नव्या टाइल्सचा वास. साडेनऊलाच ऊन असं की पंखे गरम हवाच फिरवत होते. पालक येत होते, पोरांना हाताला धरून, आणि काउंटरच्या काचेतून रागिणीला आतला हॉल पूर्ण दिसत होता. पुढच्या दोन रांगांत पिवळ्या टी-शर्टातली बारा मुलं, सगळी अमरावतीची, सकाळी सहाला गाडीत घालून आणलेली. मागं अकोल्याची नवी पोरं, कोणी आईला चिकटलेली, कोणी खिडकीबाहेर बघणारी.

“थर चांगला लावला किशोरनं,” गंगूबाई काउंटरशी येऊन हळूच म्हणाल्या. सासूबाई सत्तरीच्या, पण नजर चाकूसारखी.

“कसला थर, आत्याबाई?”

“अवं, कॅरेटाचा. टमाटे बाजारात नेताना चांगले लाल वर, पिचके खाली. दहा वर्षांचा होता तवापासून लावे. त्याच्या बापानंच शिकवलं त्याले. असा हात बसला होता का पाहत राहावं. जीवनले नाई जमला कधी.” त्यांनी काचेला नाक लावलं. “पण त्यात आपली आकांक्षा काहून बसली? ते तं तुह्या वर्गातली हाये ना?”

रागिणीनं तोवर बघितलंच नव्हतं. पहिल्या रांगेत कडेला, पिवळ्या टी-शर्टात, आकांक्षा. किशोर-माधवीची एकुलती एक. सहामाहीत घसरून क मध्ये आली होती आणि ही गोष्ट घरात मोठ्यानं बोलायची बंदी होती.

“मालकाची पोरगी पुढं दिसायलाच पाहिजे,” माधवी रजिस्टरवर रेघा आखत म्हणाली, पण वर न बघता. “एकच तर प्रश्न आहे तिला. पाठ करून घेतला आहे मी.”

“पाठ?” रागिणी म्हणाली.

“जाऊ दे ना गं आजच्या दिवस.”

आत नितेश सरांनी सुरुवात केली. नितेश सर किशोरचा हुकमी एक्का, माणूस वाईट नव्हता, पण बोलायला लागला की बंदुकीतून छर्रे सुटावेत तसा. पडद्यावर प्रश्न चमकायचा, सर बोट करायचे, पिवळा टी-शर्ट ताडकन उठायचा आणि उत्तर हजर. पालकांच्या तोंडचे “वाऽ” ऐकून वामनराव पहिल्या खुर्चीवर मिशा चोळत होते. लेकाचा दरबार भरला होता, का नाही चोळायच्या!

आठवा प्रश्न आला. वृत्तचितीची त्रिज्या सात सेंटिमीटर, उंची दहा, तर घनफळ किती? सरांचं बोट आकांक्षाकडे वळलं.

“थांबा जरा सर,” मागून आवाज आला. महादेवराव उठले होते. अकोल्याच्या भाजीबाजारात तीस वर्षांची अडत, वामनरावांचा माल त्यांच्याच गाळ्यावर उतरायचा. नात खुशी हिला घेऊन आले होते. “सातच काहून म्हणतो मी? आठ धरा ना. सांग बेटा, आठ धरून सांग.”

आकांक्षा उठली. हात मागं बांधले, मान ताठ केली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “पंधराशे चाळीस घन सेंटिमीटर!”

मागं कोणीतरी हसलं.

“आठ म्हणलं बेटा मी. सात नाई.”

“पंधराशे चाळीस,” ती पुन्हा म्हणाली, पण या वेळी पुटपुटल्यासारखं.

“पोरगी घाबरली, एवढ्या लोकांसमोर जरा...” किशोर हसत पुढे झाला.

“घाबरली असन. मंग बाजूच्याले विचारा.”

बाजूचा खाली बघायला लागला. तो हुशार होता, त्याला आलंही असतं, पण ज्याचा प्रश्न त्यानंच उठायचं हे गाडीत बसतानाच बजावून झालं होतं. अकराही पिवळे टी-शर्ट आपापल्या बुटांकडे बघत राहिले.

“वामनभाऊ,” महादेवराव शांतपणे म्हणाले, “राग नको माना. कॅरेट आलं का मी वरचे टमाटे बाजूले सारतो अन् हात तळाले घालतो. तीस वर्षं हेच करून राहिलो. हा थर हाये. मागं बसले ते आमचे पोट्टे, त्यायचं काय करान तुमी, ते दाखवा. नाई तं आमी जातो.”

वामनरावांचा हात मिशीवरून खाली आला. थर लावायला किशोरला शिकवणारे तेच ना! खुर्च्या सरकायला लागल्या. एक बाई मुलाचं दप्तर उचलून दाराकडे निघाली, तिच्यामागं आणखी दोघं. आणि आकांक्षा तशीच उभी, बस म्हणायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

काउंटरवर माधवीच्या हातातली पट्टी खाली पडली.

“रागिणी, आत जा.”

“ताई, भाऊजी काय म्हणतील...”

“म्हणू दे काय म्हणायचं ते. माही पोरगी उभी हाये तिथं.” माधवी अमरावतीला आल्यापासून पुस्तकी बोलायची, आज तिच्या माहेरचं बोलणं एकदम तोंडात आलं. “रोज घरी येते तं फक्त तुह्या तासाचं बोलते. काकूनं असं विचारलं, काकू स्वतः चुकली. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जाय तू. काउंटरले मी हाओ.”

रागिणी आत गेली. क तुकडीसमोर उभं राहणं वेगळं आणि इथं वेगळं. इथं सासरा, दीर, अर्धा बाजार. आणि आज जमलं नाही तर ती फिरती खुर्ची जन्माची.

“रागिणी, आपण नंतर बोलू,” किशोर दात आवळून म्हणाला.

ती त्याच्याजवळून पुढे गेली आणि दाराकडे वळलेल्या लोकांना म्हणाली, “फक्त पंधरा मिनिटं बसा. नाही पटलं तर खुशाल जा. अहो,” तिनं दाराशी उभ्या जीवनला हाक मारली. तीन महिन्यांत पहिल्यांदा सरळ हाक. “गाडीतला हरभऱ्याचा कट्टा वर आणता? आणि ताडपत्री.”

तो कट्टा, म्हणजे पोतं, किशोरच्या घरासाठी आणला होता, नव्या पिकाचा. त्यातला थोडा अकोटला काढून ठेवला होता, त्यामुळं आत नेमका किती उरला ते खुद्द जीवनलाही ठाऊक नव्हतं.

“जीवन, थांब! हॉलमध्ये कट्टा? नव्या टाइल्स आहेत!”

“दादा, कट्टा माहा हाये,” जीवन म्हणाला आणि दोन दोन पायऱ्या उतरत खाली गेला. घरात मोठ्या भावाला उलटं बोलायची त्याची ही पहिलीच वेळ. रागिणीमागोमाग आत आलेल्या गंगूबाईंनी पदर तोंडाला लावला, हसू लपवायला.

ताडपत्री अंथरली. “चपला काढून या रे, अन्न हाये,” गंगूबाईंनी दरडावलं. जीवननं कट्टा उलटा केला तसा हरभरा सळसळत पडला आणि मधोमध छान टोकदार ढीग झाला. बाहेर पडायला निघालेली बाई दप्तर घेऊन तिथंच थांबली.

“पेन कोणी उघडायचं नाही,” रागिणी म्हणाली. आवाज सापडला होता आता. “ढिगाकडे बघा आणि सांगा, किती किलो? सगळ्यांनी सांगायचं, मोठ्यांनीसुद्धा. माझा आकडा पस्तीस.” तिनं फळ्यावर लिहिला. “ज्याचा अंदाज सगळ्यात लांब जाईल तो फळ्यापाशी येऊन सांगेल की डोळा कुठं फसला. त्याला कोणी हसायचं नाही. मी पन्नासदा तरी आले असेन फळ्यापाशी.”

ती पिवळ्या रांगा ओलांडून थेट शेवटच्या बाकाशी गेली. खुशी तिथं ओढणीचं टोक चावत बसली होती.

“मले नाई येत गणित,” खुशी विचारायच्या आधीच म्हणाली.

“गणित कुठं विचारलं? ढीग किती किलोचा दिसतो?”

“चुकलं तं?”

“तर पस्तीसवाली मी आहे ना तुझ्या सोबतीला.”

खुशीनं ढिगाकडे डोळे बारीक करून पाहिलं. भाजीबाजारातली पोर, ढीग तिनं जन्मल्यापासून पाहिलेले. “तीस,” ती म्हणाली.

खुशी, तीस. फळ्यावर नाव चढलं आणि मग जे काय सुटलं म्हणता! चोवीस, पन्नास, सदतीस! एका पोरानं बेचाळीस म्हणताच त्याच्या बापानं “हट्, एवढा कुठं,” म्हणून तेहतीस लावले आणि बापलेकांचीच जुंपली. महादेवराव एक्केचाळीसवर ठाम. वामनराव बेचाळीस. गंगूबाई चाळीस म्हणाल्या आणि पुढं एक शब्द बोलल्या नाहीत. नितेश सरांनी दोनदा चष्मा पुसून पन्नास सांगितले. पिवळे टी-शर्ट बाकांवरून कधी खाली उतरून ताडपत्रीच्या कडेला बसले, कोणालाच कळलं नाही. आता पुढचे कोण आणि मागचे कोण, सांगायची सोय राहिली नव्हती.

“अठ्ठावीस,” कोणीतरी बारीक आवाजात म्हणालं. आकांक्षा होती. तिनं डोळे पुसले होते. रागिणीनं काही न बोलता आकडा लिहिला. पोरीला आत्ता कौतुकाची गरज नव्हती, तिला कामाला लागायचं होतं.

“किशोर, तू बी सांग,” गंगूबाई म्हणाल्या.

“मी काय सांगू आई? हा क्लास आहे का बाजार?”

“सांग म्हणलं ना.”

“पासष्ट!” तो करवादला. लिहा, किशोर सर, पासष्ट.

“आता पेन उघडा. ढीग कोणत्या आकाराचा?”

“शंकू!” पाच-सहा आवाज.

“मग ठरवा कसा मोजायचा ते. मी नाही सांगणार.”

खुशीनं ओढणी काढली, घेरावरून फिरवली, मोजपट्टीनं ती मोजली, दोनशे एकोणनव्वद सेंटिमीटर. मग एका पिवळ्या टी-शर्टाला कोपरानं ढोसून म्हणाली, “यावरून त्रिज्या कशी काढतेत रे?” तो सांगायला लागला. दोघांनी मिळून पायच्या (π) दुपटीनं, म्हणजे सव्वासहाच्या आसपासच्या आकड्यानं भागलं आणि शेहेचाळीस आले. उंचीपाशी घोडं अडलं, कारण टोक मधे आणि पट्टी बाहेर. तेव्हा आकांक्षा उठली, फळ्याची लांब काठी घेतली, टोकातून सरळ खाली जमिनीला टेकेपर्यंत खुपसली आणि बोटानं खूण धरून बाहेर काढली. तेवीस.

“पण मॅडम, घनफळ काढून काय होईन? किलो कसे निघतीन?” एकानं विचारलं.

रागिणी गप्प. हे गप्प राहणं तिला फार कष्टानं जमलं होतं दोन वर्षांत.

“बाटली!” खुशी ओरडली. “पाण्याची बाटली एक लिटरची राह्यते! तिच्यात हरभरा भरू अन् खालच्या काट्यावर मोजू. एका लिटरचे किती ग्राम ते समजलं का झालं!”

महादेवरावांनी नातीकडे असं पाहिलं की जणू तिला आजच पहिल्यांदा बघत होते. जीवन बाटली घेऊन कृषी केंद्रात धावला आणि खालूनच ओरडला, “सातशे ऐंशी ग्राम!”

फळ्यापाशी आकांक्षा गेली. रागिणीनं पाठवलं नव्हतं, काठी तिच्याच हातात होती म्हणून असेल, ती आपणहून गेली. पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले उंची. खडू कचकच चालला. एक लाख बावन्न हजार आठशे घन सेंटिमीटर, म्हणजे जवळपास एकशे त्रेपन्न लिटर. गुणिले सातशे ऐंशी ग्राम. खाली तिनं रेघ ओढली आणि लिहिलं, एकशे एकोणीस किलो.

किशोरनं कपाळाला हात लावला. नितेश सर पुढं सरकले, रागिणीनं हातानंच त्यांना अडवलं.

“काय आलं, आकांक्षा?”

“एकशे एकोणीस.”

“बरं. आता ढिगाकडे बघ.”

आकांक्षानं ढिगाकडे पाहिलं. फळ्यावर स्वतःच्या नावापुढं लिहिलेल्या अठ्ठावीसकडे पाहिलं. पुन्हा ढिगाकडे पाहिलं. काचेपलीकडे माधवी उभी होती, दोन्ही हात काचेवर टेकवून.

“हे होऊच शकत नाही,” आकांक्षा म्हणाली. “एकशे एकोणीस किलो काकांना एकट्यानं उचललेच नसते! कट्टाच फाटला असता! काहीतरी राह्यलं... मी काहीतरी...” तिनं डोळे मिटले, हातानं हवेत ढिगाचं टोक काढलं, मग त्याच्याभोवती एक मोठा डबा काढला. “हे तर डब्याचं घनफळ झालं! वृत्तचितीचं! शंकू तर तिचा तिसरा हिस्सा. तीननं भागायचं राह्यलं, काकू! तीननं!”

तिनं खसाखसा पुसलं आणि भागायला घेतलं. एक्कावन्न लिटर. खाली तिनं उत्तर लिहिलं. एकोणचाळीस किलो सातशे ऐंशी ग्राम. आणि मग अख्ख्या हॉलनं, पिवळ्या, निळ्या, मळक्या शर्टांनी एकदम कट्ट्यावर झडप घातली. हरभरा ओंजळींनी भरला, दाणा न दाणा वेचला, आणि सगळी वरात जिन्यानं खाली. कट्टा काट्यावर चढला.

“चाळीस किलो तीनशे!” कृषी केंद्रवाला ओरडला आणि रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली, इतका कल्ला झाला. आकांक्षा आणि खुशी एकमेकींचे हात धरून जागच्या जागी उड्या मारत होत्या. तासाभरापूर्वी त्यांनी एकमेकींना पाहिलंही नव्हतं. रागिणी जिन्यात भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिला रडूच आलं. आनंदाचं, अगदी पोट भरून. जीवन शेजारी येऊन उभा राहिला.

“मी तवा बोलाले पाह्यजे होतं,” तो म्हणाला. “जानेवारीत.”

“हो, पाहिजे होतं,” ती नाक ओढत म्हणाली. पण त्याचा हात तिनं सोडला नाही.

“आजी जिंकली! चाळीस!” पोरं वर येत गलका करत होती. गंगूबाई काहीच विशेष न घडल्यासारख्या पदर सारखा करत बसल्या.

“आणि लांब कोण गेलं मॅडम?” खुशीनं विचारलं, मग फळा वाचला आणि तिचा आवाज खाली आला. “किशोर सर, पासष्ट.” खुशीनं आजोबांकडे पाहिलं, रागिणीकडे पाहिलं. “नियम सगळ्यायले सारखाच हाये ना, मॅडम?”

रागिणीनं दिराकडे पाहिलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. नको म्हणाली असती तर तो सुटला असता आणि पोरांना कळलं असतं की नियम फक्त लहानांना असतो.

“सारखाच आहे,” ती म्हणाली. “या भाऊजी.”

किशोर जागचा हलला नाही. मग वामनराव बोलले. आयुष्यभर थोरल्याची बाजू घेणारा माणूस. “जाय किशोर,” ते म्हणाले. “थर लावाले मीच शिकवलं तुले, माहं बी चुकलं. जाय तू.”

तो गेला. बारा वर्षं फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस, पण आज खडू कुठं धरावा हे त्याला समजेना.

“मी... पसारा पाहिला,” तो ढिगाच्या जागेकडे बोट दाखवत म्हणाला. “रुंद दिसला म्हणून जास्त सांगितले. उंची पाहिलीच नाही.” पोरं गंभीरपणे ऐकत होती, कोणीही हसत नव्हतं. किशोर थांबला. खाली बसेल असं वाटलं, पण तो बसला नाही. आवाज उतरला, आणि शहरी बोलणंही उतरलं. “अजून एक सांगतो. बारा वर्षांत मी एकाही पोराले विचारलं नाई का बाबा, तुहं चुकलं कुठं? चुकलं का मागं बसव, एवढंच केलं. घरच्या पोरीले बी तेच केलं. आज हिनं आपली चूक आपण शोधून काढली, तवा मले समजलं, हिले येत होतं. मीच कधी थांबलो नाई.”

आकांक्षा त्याच्याकडे बघत होती. “पप्पा, मी क मध्येच राहू?” तिनं विचारलं. “काकूकडे?”

किशोरनं रागिणीकडे वळून पाहिलं. “तू सांग रागिणी. ही शाखा तू चालव. कशी चालवायची तेही तूच सांग.”

रागिणीनं उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. तीन महिने मनात घोळवलेलं वाक्य होतं ते. “अ, ब, क काढून टाका भाऊजी. इथंही आणि अमरावतीलाही. सगळी पोरं मिसळून बसतील, आणि पहिल्या दिवशी तुम्हीही माझ्या वर्गात बसायचं.”

“बसतो,” किशोर म्हणाला. नितेश सरांनी हात वर केला. “मॅडम, मलाही बसायचं आहे. पन्नास कसे सांगितले मी, ते अजून समजलं नाही.” आणि हॉल हसला, किशोरसकट.

“नाव लिहा हो खुशीचं!” महादेवराव काउंटरकडे निघाले. “अन् माह्या भावाच्या दोघाय नातवायचं बी लिहा.” त्यांच्यामागं दप्तरवाली बाई, तिच्यामागं तेहतीसवाला बाप. बघता बघता रांग जिन्यापर्यंत गेली. गर्दी पाहून रागिणी सवयीनं काउंटरच्या आत शिरली आणि तिनं रजिस्टर पुढं ओढलं.

माधवीनं ते तिच्या हातातून काढून घेतलं. डोळे लाल होते तिचे, पण फिरत्या खुर्चीवर ती ऐटीत बसली होती.

“तू इकडे काय करून राहिली?” ती म्हणाली. “तिकडे चाळीस पोट्टे फळ्याकडे तोंड करून बसले, ते तुले दिसत नाई का? जाय, शिकव!”

रागिणी गेली.